नाव बदललं, निळं दार तसंच राहिलं

प्रिय ताई,

आम्ही पाच जण मिळून बावीस मिनिटांचा लघुपट करतोय. पटकथा माझी आहे. आमच्या कॉलेजात मध्यंतरी इन्स्टाग्रामवर एक कन्फेशन पेज सुरू झालं होतं. नाव न सांगता कुणीही काहीही लिहून पाठवायचं आणि पेज चालवणारा ते टाकायचा. तीन महिन्यांत सगळं कॉलेज त्यावर होतं. मग कुणीतरी पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा फोटो पाठवला, खाली घाणेरडं लिहिलं, आणि त्याने तेही टाकलं. एका रात्रीत ते सगळीकडे गेलं. ती मुलगी आठवड्याभरात कॉलेज सोडून गेली. पेज चालवणारा आमच्या ओळखीचा आहे, आता बंगळुरूला नोकरी करतो.

आमचा दिग्दर्शक फेसबुकच्या जन्मावरच्या ‘द सोशल नेटवर्क’ या सिनेमाचा भक्त आहे. त्याला तसाच नायक हवाय, हुशार, एकटा, दुखावलेला. म्हणून मी पेजवाल्याला एक प्रेमभंग दिला. मुलीचं नाव आणि शाखा बदलली. दिग्दर्शकाला पडद्यावर खरे स्क्रीनशॉट हवेत, ते माझ्याकडे आहेत. शेवटच्या प्रसंगात ती वडिलांबरोबर बसस्टँडवर बॅग घेऊन उभी आहे. सगळे म्हणतात तोच सगळ्यात भारी झालाय. मला मात्र तो लिहिल्यापासून झोप नाही. दिग्दर्शक म्हणतो, तिकडे तर जिवंत माणसाचं खरं नाव वापरून, त्याला न विचारता सिनेमा काढला, आपण निदान नावं तरी बदलतोय. पेजवाला म्हणतो केस करीन. मी कुणाकुणाची परवानगी घ्यायची?

(तो फोटो मीही एका ग्रुपवर पुढे पाठवला होता. हे कुणाला माहीत नाही.)

झोप उडालेली पटकथालेखिका

•

अगं,

पत्रं मी शेवटाकडून वाचते. माणसं मुद्द्याचं शेवटी लिहितात, आणि फारच मुद्द्याचं असेल तर कंसात. तुझ्या कंसाकडे मी येणारच आहे. आधी तुझ्या दिग्दर्शकाचा लाडका सिनेमा बघू, कारण त्याचा अर्धा युक्तिवाद त्यावर उभा आहे आणि तो त्याने नीट पाहिलाय असं मला वाटत नाही.

त्याहीआधी एक. तुझं पत्र छापताना मी शहर काढलं, वर्ष काढलं, आणखी दोन गोष्टी बदलल्या आणि तुला फोनवर वाचून दाखवलं. हेही सांगितलं की एवढं करूनही तुझे चार साथीदार पहिल्या परिच्छेदातच तुला ओळखतील आणि कंसातलं त्यांना कळेल. तू जरा वेळ गप्प होतीस, मग म्हणालीस, “कळू दे.” तेव्हा पत्र इथे आलं. म्हणजे तुला पडलेला प्रश्न माझ्याही टेबलावर कायम असतो. मी सोवळं नेसून बोलत नाहीये.

तर, ‘द सोशल नेटवर्क’. २०१० सालचा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पटकथा ॲरन सॉर्किनची, आधार बेन मेझरिचच्या पुस्तकाचा. पटकथा, संकलन आणि संगीत अशी तीन ऑस्कर मिळाली. माझी उमेदीची वर्षं माहितीपटांच्या संकलनात गेली, त्यामुळे फेसबुकच्या मालकीवरून झालेल्या दोन खटल्यांच्या जबान्या आणि त्यांच्यामधून उलगडणारा भूतकाळ यांची त्यात जी वीण घातलीय, तिचा मला आजही हेवा वाटतो. सिनेमा वाईट असता तर आपल्याला बोलायचं कारणच नव्हतं. तो इतका चांगला आहे की फेसबुक कसं जन्मलं असं कुणालाही विचार, लोक इतिहास म्हणून सिनेमाच सांगतात.

आता त्यातलं खरं काय ते बघ. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मार्क झकरबर्गने विद्यार्थी निवासांच्या ऑनलाइन सूच्यांमधून मुलामुलींचे फोटो कुणालाही न विचारता उचलले आणि ‘फेसमॅश’ नावाचं संकेतस्थळ बनवलं. दोन चेहरे शेजारी शेजारी दिसणार, त्यातला जास्त आकर्षक कोण ते बघणाऱ्याने ठरवायचं. ते बंद होईपर्यंत ४५० जण तिथे येऊन गेले आणि त्यांनी किमान २२,००० वेळा मत दिलं, असं विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्राने तेव्हा छापलं होतं. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. आवाज उठवणाऱ्यांत लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांची एक संघटना होती आणि कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची एक. झकरबर्गची चौकशी झाली. सुरक्षाव्यवस्था भेदणं, कॉपीराइटचा भंग आणि व्यक्तींच्या खासगीपणाचा भंग असे आरोप होते. त्याने माफी मागितली, विद्यापीठाने त्याला काढलं नाही. ४ फेब्रुवारी २००४ ला फेसबुक सुरू झालं.

आणि रचलेलं काय, तर एरिका. पहिल्याच प्रसंगात एरिका नावाची मुलगी बारमध्ये त्याला सोडून जाते. त्या रागात तो फेसमॅश बनवतो, त्याच रागातून पुढे फेसबुक, आणि शेवटी तो अब्जाधीश एका रिकाम्या खोलीत बसून तिलाच फ्रेंड रिक्वेस्ट पाठवतो आणि पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहतो. त्या रात्री त्याने ब्लॉगवर एका मुलीबद्दल वाईटसाईट लिहिलं होतं हे खरं. पण सिनेमातली एरिका आणि तिच्याभोवती बांधलेली ही सगळी कमान सॉर्किनची. आपली निष्ठा सत्यापेक्षा गोष्टीशी आहे हे तो तेव्हाही लपवत नव्हता. प्रत्यक्षात झकरबर्ग त्याच दिवसांत प्रिसिला चॅनला भेटला, जिच्याशी त्याने २०१२ मध्ये लग्न केलं. ती सिनेमात कुठेच नाही.

तुझा दिग्दर्शक म्हणतो विचारलंही नाही. तेही तंतोतंत खरं नाही. निर्मात्यांनी सहकार्य मागितलं होतं, ते मिळालं नाही, आणि तरीही सिनेमा झाला. यात मला काही फार मोठा अन्याय दिसत नाही. कोट्यवधी लोकांच्या गप्पा, फोटो आणि नाती ज्याच्या ताब्यात आहेत, त्याच्यावर सिनेमा काढायला त्याची परवानगी लागायला लागली तर मग झालंच. शिवाय त्याने उत्तरंही दिली. सिनेमा लागला त्याच महिन्यात स्टॅनफर्डला तो जाहीरपणे म्हणाला की त्यांनी माझे कपडे तेवढे अगदी बरोबर दाखवलेत. २०१७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात त्याने सांगितलं की फेसमॅशमधून फेसबुक आलं हे खरं नव्हे, पण फेसमॅश झालं नसतं तर मला प्रिसिला भेटली नसती. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या संसदेत, ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचारासाठी काम करणाऱ्या कंपनीच्या हाती गेल्याबद्दल त्याला उभं केलं होतं, तिथेही एकाने फेसमॅशचा विषय काढला आणि तिथेही त्याने सिनेमाचं म्हणणं खोडून काढलं. (त्याच्या आदल्या दिवशी, सेनेटच्या सुनावणीत एका सेनेटरने त्याला विचारलं, काल रात्री कोणत्या हॉटेलात उतरला होतात ते सांगाल का? तो म्हणाला, नाही. सभागृह हसलं. मला तो प्रसंग एखाद्या सिनेमात बघायला आवडेल, त्यात काही रचावं लागणार नाही.)

मुद्दा असा की ज्याच्यावर सिनेमा काढला त्याला सिनेमापेक्षा मोठी व्यासपीठं मिळाली. त्या सूच्यांमधल्या चेहऱ्यांना काय मिळालं? सिनेमात त्यांना जवळजवळ तोंडच नाही. खटल्यांत ज्यांनी भांडून पैसे आणि नाव मिळवलं त्या पुरुषांना भरपूर संवाद आहेत. पण जिचा चेहरा २२,००० वेळांपैकी काही वेळा तरी मोजला गेला, ती मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसली, हे बघायला कॅमेरा थांबत नाही.

तू नेमकी याच ठिकाणी त्या सिनेमापेक्षा पुढे गेलीस. तू मुलीकडे गेलीस. तुझी झोप उडाली ती त्यामुळेच, कारण तिच्याकडे जायला तुझ्याजवळ रस्ता नव्हता, म्हणून तू भिंत फोडून गेलीस.

त्याच २०१० साली ‘कॅटफिश’ नावाचा माहितीपट आला. न्यूयॉर्कमधला एक तरुण फोटोग्राफर फेसबुकवर एका मुलीच्या प्रेमात पडतो, त्याचा भाऊ आणि मित्र ते सगळं चित्रित करत असतात. संशय येतो आणि तिघं कॅमेऱ्यासकट मिशिगनमधल्या तिच्या गावी जाऊन थडकतात. समोर येते एक मध्यमवयीन गृहिणी. तिने कुणा भलत्याच बाईचे फोटो वापरून माणसांचा एक अख्खा गोतावळा उभा केलेला असतो. तिने फसवलं हे खरंच. पण मग कॅमेरा तिच्या घरात शिरतो, नवऱ्यापर्यंत, तिच्या गंभीर अपंगत्व असलेल्या सावत्र मुलांपर्यंत. तिने चित्रीकरणाला होकार दिला, असं करणाऱ्यांचं म्हणणं. दिलाही असेल. दारात कॅमेरा चालू ठेवून उभ्या असलेल्या माणसाला किती जण नाही म्हणू शकतात? आणि ज्या बाईचे फोटो चोरले गेले, तिला तर आधी चोरीत कुणी विचारलं नव्हतं.

दारावरून आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्यातल्या दारूबंदीच्या चळवळीवर मी एक माहितीपट संकलित केला. त्यात एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली होती, ओट्यावर बसून, शेंगा सोलत, अजिबात न रडता. आम्ही शहाणे. तिचं नाव बदललं, चेहरा धूसर केला, मागच्या भिंतीवर लग्नाचं रंगवलेलं होतं त्यातली नावंसुद्धा मी पुसली. मग त्याच तालुक्याच्या गावी माहितीपट दाखवला. तिचा दीर प्रेक्षकांत बसला होता. चेहरा त्याला दिसला नाही, पण तिच्या मागे त्यांच्या घराचं निळं दार होतं, एका बाजूला कुत्र्याने नखांनी खरवडलेलं. तो शेजारच्याला म्हणाला, “हे तर आमचंच दार.” पुढे काय झालं ते मला नीट कळलं नाही. ती बाई चळवळीच्या बैठकांना यायची बंद झाली एवढं कळलं. मी तिला भेटायला गेले नाही. जायला हवं होतं.

तेव्हापासून मी एवढंच धरून चालते की नाव बदललं की माणूस अनोळखी लोकांपासून लपतो, ओळखीच्यांपासून नाही. आणि आपल्याला त्रास देणारे बहुधा ओळखीचेच असतात. तुमचा लघुपट सगळ्यात आधी कोण बघणार? कॉलेज. त्यांना तिचं नाव कळायला चौथं मिनिटसुद्धा लागणार नाही. ज्यांना आठवत नव्हतं त्यांना आठवेल, ज्यांना माहीतच नव्हतं ते विचारतील आणि कुणीतरी सांगेल. नाटक असतं तर प्रयोग संपला की निदान दिवे गेले असते. लघुपटाची लिंक होते, आणि ती फिरते. फोटो एकदा असाच फिरला होता.

“सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून…” ही पाटी सुरुवातीला टाकणार असाल, तर जरूर टाका. कुत्र्यापासून सावध लिहिलेल्या बंगल्यांत निम्म्या ठिकाणी कुत्रं नसतं आणि निम्म्या ठिकाणी ते पाटी लिहिलीय म्हणून चावायचं थांबत नाही. या पाटीचंही तसंच आहे.

कायद्याचं विचारलंस म्हणून थोडक्यात. मी वकील नाही, लघुपट बाहेर काढण्याआधी एखाद्या वकिलाला संहिता दाखवाच. पण विचार कसा होतो ते बघ. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात म्हटलं की सार्वजनिक नोंदींत असलेल्या गोष्टींवर लिहिता येतं, त्याला संमती लागत नाही. मात्र लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्याला बळी पडलेल्या स्त्रीचं नाव आणि प्रसंग माध्यमांतून मिरवून तिची पुन्हा विटंबना करू नये. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणि २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात न्यायालयाने बलात्कारपीडितांबद्दल सांगितलं की नाव सोडाच, जिच्यावरून लांबूनसुद्धा ओळख पटेल अशी कुठलीही माहिती छापू नका. तुझ्या प्रकरणाला हे शब्दशः लागू होईल असं मी म्हणत नाही, तिथला गुन्हा वेगळा आहे. पण न्यायालयाला निळं दार समजलेलं आहे एवढं कळतं.

जिवंत माणसावर न विचारता सिनेमा काढायचं उदाहरण हवंच असेल तर तुझ्या दिग्दर्शकाने हॉलिवूडपर्यंत जायचं कारण नाही. १९९४ चा ‘बँडिट क्वीन’. फुलनदेवी तेव्हा जिवंत होती, नुकतीच तुरुंगातून सुटली होती, आणि तिच्यावरच्या बलात्काराचे प्रसंग तिच्या संमतीविना पडद्यावर आले. ती दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. पुढे पैशांवर तडजोड झाली. त्या सिनेमाची लोकांनी खूप वाहवा केली, त्यातल्या दिग्दर्शनाची, अभिनयाची, धाडसाची. धाडस कुणाचं आणि किंमत कुणाची, हा प्रश्न तेव्हाही थोड्याच लोकांनी विचारला.

आता तुझा पेजवाला. केस करीन म्हणतो ते चोराच्या उलट्या बोंबा आहेत, पण अगदीच पोकळ नाहीत. नाव न घेताही माणूस ओळखू येत असेल तर बदनामीचा दावा होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम आहे, ३५६. त्याने जे केलं ते दाखवायचा तुम्हाला हक्क आहे असं मला वाटतं. पेज त्याने चालवलं, फोटो त्याने टाकला. पण प्रेमभंग तू दिलास. तो खरा होता का? पत्रात तू “दिला” असं लिहिलंयस, म्हणजे उत्तर मला मिळालं.

हा प्रेमभंग काढून टाक असं मी सांगते ते फक्त त्याच्या भल्यासाठी नव्हे. झकरबर्ग हार्वर्डच्या व्यासपीठावरून म्हणू शकतो की असं नव्हतं, बंगळुरूतला तो पोरगा फार तर स्टोरी टाकेल, हा एक भाग झाला. दुसरा भाग मला जास्त खुपतो. एका मुलाने शेकडो जणांसमोर एका मुलीची अब्रू काढली, तर त्याचं कारण काय द्यायचं? दुसऱ्या एका मुलीने त्याला नाही म्हटलं! म्हणजे शेवटी दोष पुन्हा कुणातरी मुलीचाच. सॉर्किनने हेच केलं आणि इतक्या सुंदर संवादांत केलं की आपल्या लक्षात येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये शंभरएक मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलून एका ॲपवर त्यांचा खोटा लिलाव मांडला होता, आठवतंय? मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत कॉलेजातली पोरंही होती. त्यांचा प्रेमभंग झाला होता का, हे कुणी शोधत बसलं नाही, ते बरंच झालं. असं करायला तुटलेलं हृदय लागत नाही. हाताशी फोन, बघणारे लोक आणि कुणी काही बोलणार नाही ही खात्री, एवढं पुरतं. तुझ्या पेजवाल्याच्या पोटात काय होतं ते तुला माहीत नाही. माहीत नाही तेवढी जागा रिकामी ठेव. रिकाम्या जागेला प्रेक्षक जास्त घाबरतो, हे मी संकलक म्हणून सांगते.

स्क्रीनशॉट वापरू नका. यावर चर्चा नको. त्यात तिच्याशिवाय आणखी वीस जणांच्या कमेंट असतील, त्यांची नावं असतील, प्रोफाइलचे गोल फोटो असतील. ते झाकले तरी मजकूर जसाच्या तसा ठेवलात तर कुणीही तो शोधून मूळ जागी पोचेल. खोटे बनवा, शब्द नवे लिहा, पेजचा रंगसुद्धा दुसरा घ्या. आणि तुझ्याकडचे खरे स्क्रीनशॉट दिग्दर्शकाला पाठवू नकोस. उद्या तिला तक्रार करायची झाली तर तो पुरावा आहे. ठेवायचे की नष्ट करायचे, हे ठरवायचा हक्क तिचा. त्यामुळे आपण तिच्याकडेच येतो.

तिला विचारायचं का? हो, पण विचारणं हीसुद्धा एक धडक असते. विचार कर, ती कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कॉलेजात, कदाचित नवं सिम घेऊन बसलीय, आणि अचानक जुन्या कॉलेजमधून मेसेज येतो की तुझ्यावर फिल्म करतोय. तसं अजिबात करायचं नाही. तिच्या जवळची एखादी मैत्रीण असेल जिच्याशी ती अजून बोलते, तिच्यामार्फत आधी एवढंच विचार की या विषयावर तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालेल का. “नाही” असं उत्तर आलं किंवा उत्तर आलंच नाही, तर दोन्हीचा अर्थ एकच. पुन्हा विचारायचं नाही. चालेल म्हणाली तर तू जा, दिग्दर्शक नको, कॅमेरा तर नकोच. संहिता कागदावर दे, वाचायला हवा तेवढा वेळ दे. स्पर्धेची शेवटची तारीख तिला सांगू नकोस, ती तुमची अडचण आहे. आणि तिने नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. नाही म्हणजे नाव आणखी एकदा बदलणं नव्हे, ती गोष्टीतून बाहेर.

मग लघुपटात उरलं काय, असं तुझा दिग्दर्शक विचारेल. इथे मी तुझ्या कंसाकडे येते.

तो आकडा आठव. ४५०. फेसमॅश एकाने बनवलं, पण मत ४५० जणांनी दिलं, एकेकाने सरासरी पन्नासएक वेळा. सिनेमात ते दिसतात, खोल्याखोल्यांत, स्क्रीनभोवती कोंडाळं करून, हसत, बोट दाखवत. झरझर कापलेले तुकडे, वर संगीत. मला ते तुकडे कापायला आवडले असते. पण त्यातल्या एकाही चेहऱ्यावर कॅमेरा दहा सेकंद थांबत नाही. त्यातला कुणी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जिच्या चेहऱ्याला त्याने रात्री हरवलं तिच्याच मागे रांगेत उभा होता का, ते कुणी बघत नाही. सोशल मीडियाच्या जन्मावर जे सिनेमे निघाले त्यांना बनवणारा हवा असतो, फार तर बळी हवा असतो. पुढे पाठवणारा कुणालाच नको, कारण तो प्रेक्षकांतच बसलेला असतो.

तुझ्या पटकथेत पेजवाला आहे, ती आहे, तिचे वडील आहेत, एक प्राध्यापक आहेत असं तू फोनवर म्हणालीस. तू कुठे आहेस? काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय. सगळ्या कथेत एकच माणूस आहे जिच्या पोटात काय होतं हे तुला आतून ठाऊक आहे, जिची परवानगी घ्यायला कुठे जावं लागत नाही, जी केस करणार नाही. त्या रात्री फोटो आला तेव्हा तू कुठे होतीस? कॉटवर? मेसमध्ये? बघितल्यावर आधी हसलीस की आधी दचकलीस? कुठल्या ग्रुपवर पाठवलास, काय लिहून पाठवलास, की नुसताच एक इमोजी? कुणी परत काय लिहिलं? आणि दुसऱ्या दिवशी ती जिन्यात दिसली का? तू बाजूला झालीस का?

हे बावीस मिनिटांत बसेल. त्यात फोटो दाखवायची गरजसुद्धा नाही. फोनचा उजेड तोंडावर पडलेली मुलगी आणि तिचा अंगठा, एवढ्यावर पहिली सहा मिनिटं निघतील. तिचं नाव, शाखा, चेहरा, काहीच लागणार नाही. कॉलेजमधल्यांना प्रसंग ओळखू येईलच, ते काही टळत नाही, म्हणून तिच्याबाबतीत एकही तपशील ठेवू नकोस, फोटो कशाचा होता हेसुद्धा नको. ओळखू येईल ती तू. त्याला तयार आहेस का ते मी तुझ्या वतीने ठरवू शकत नाही. हे पत्र छापायला तू तयार झालीस, त्यावरून अंदाज बांधतेय.

दिग्दर्शक कुरकुरेल. म्हणेल यात नायक कुठाय. त्याला सांग, तुझा आवडता सिनेमा ज्या ४५० जणांना पळवत नेतो, त्यांच्यातल्या एकीवर आपण थांबतोय. सिनेमावर खरंच प्रेम असेल तर त्याला यातला मोह कळेल. नाहीच कळला तर संहिता तुझी आहे, घेऊन बाहेर पड.

आणि तो बसस्टँडचा प्रसंग. सगळे म्हणतात तोच सगळ्यात भारी झालाय, आणि असेलही, तुझी भाषा चांगली आहे. पण तू तिथे नव्हतीस. ती बसने गेली का रेल्वेने, वडील आले होते का मामा, का कुणीच नाही, बॅग होती का, ती रडत होती का हसत, हे तुला माहीत नाही. तेवढी दोन पानं काढ.

दुसरा खर्डा झाला की पाठव. वाचते.

तुझी,
ताई